अधिवेशन नागपुरात, निर्णय मुंबईत

डिसेंबर जवळ आला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रंगाचा वास सुटतो. रविभवन, नागभवनाची डागडुजी होते, मुख्यमंत्र्यांच्या रामगिरी बंगल्याचे फाटक उघडते, हैदराबाद हाउसमध्ये त्यांचे सचिवालय येऊन बसते. दोन-तीन आठवडे राज्य इथे असते. या दिवसांत दोन मागण्या हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, अधिवेशन लांबवा, निदान सहा आठवडे तरी चालवा, म्हणजे विदर्भाचे प्रश्न सुटतील. दुसरी, हा सोपस्कार पुरे झाला, वेगळे राज्य द्या. पहिली मागणी सगळेच पक्ष करतात, निदान विरोधी बाकांवर असताना. दुसरी अधूनमधून पेटते आणि विझते. दोन्हींच्या मुळाशी समज मात्र एकच आहे : सत्ता कुठे बसते यावर कोणाचे प्रतिनिधित्व होते ते ठरते.

हा समज उथळ आहे, असे माझे मत आहे. एखाद्या प्रदेशातल्या व्यापाराचे, उद्योगाचे आणि कलेचे हित सभागृहापर्यंत पोहोचायचे तर तीन गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात. निर्णय घेणारे निवडून आलेले असावेत. त्यांच्यासमोर त्या त्या धंद्यातल्या माणसाला जाहीर साक्ष देण्याचा हक्क असावा. आणि ज्या पैशाबद्दल बोलणे चालले आहे त्यावर त्या मंडळींचा थोडा तरी ताबा असावा. विदर्भाला १९५३ पासून या गोष्टी सुट्या सुट्या मिळत गेल्या. अधिवेशनात निवडून आलेली माणसे आली, विकास मंडळात अभ्यास आला, महामंडळांत पैसा आला. तिन्ही गोष्टी एका छपराखाली कधीच आल्या नाहीत.

१. करारात काय मिळाले

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात येण्यासाठी काही आश्वासने दिली. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशांत वाटा, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, दरवर्षी ठराविक काळ शासनाचे नागपुरात वास्तव्य आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला राहिली आणि १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले. त्याच्या बदल्यात जे उरले त्याची सर्वांत दिसणारी खूण म्हणजे हिवाळी अधिवेशन. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तेही मुंबईतच झाले.

पण अधिवेशनात घडते काय? राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. नागपुरात येतात त्या पुरवणी मागण्या, म्हणजे आधी ठरलेल्या खर्चाला जोडलेली ठिगळे. कोणत्या खात्याला किती पैसे, कोणत्या उद्योगाला कसली सवलत, कोणत्या कलेला किती अनुदान, याचे मूळ वाटप नागपूरच्या विधानभवनात होतच नाही. विदर्भावरची चर्चा बहुधा शेवटच्या आठवड्यात लागते, तेव्हा परतीच्या विमानांची वेळ झालेली असते. सावजी रस्सा आणि ताडोबाची सफारी यांचे विनोद करणारे नागपूरकर थोडे अन्यायही करतात. बरेच आमदार मन लावून बोलतात. मात्र ज्या सभागृहासमोर मूळ हिशेबच नाही, ते सहा आठवडे बसले काय आणि सहा महिने बसले काय, फरक भत्त्यांच्या बिलात पडेल.

सभागृहाबाहेर मोर्चे असतात. यशवंत स्टेडियमपासून निघायचे, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडायचे, पाच जणांच्या शिष्टमंडळाने मंत्र्यांना निवेदन द्यायचे आणि परतायचे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अशाच एका मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाची ११४ माणसे गेली. त्या दिवसाकडे बहुतेक जण पोलीस बंदोबस्ताची चूक म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या व्यवस्थेत सामान्य माणसासाठी कायदेमंडळासमोर बसण्याची जागाच नाही, उभे राहण्याची आहे, तीही अडथळ्यांच्या अलीकडे.

२. मतदारसंघात न मावणारी माणसे

महाराष्ट्राच्या २८८ आमदारांपैकी ६२ विदर्भाचे. हा आकडा कमी आहे का, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. खरी अडचण आकड्यात नाही, मतदारसंघाच्या स्वरूपात आहे.

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराचे हित त्याच्या आमदाराला कळते, कारण तो एका पट्ट्यात दाटीने राहतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवणाऱ्याचे तसे नाही. त्याचे मत एका मतदारसंघात, कामगार दुसऱ्यात, गिऱ्हाईक भलत्याच राज्यात, आणि त्याचे नशीब विजेच्या दरावर. इतवारीतला ठोक व्यापारी, भंडारा जिल्ह्यातला टसरचा विणकर, नागपुरातला ध्वनिमुद्रण करणारा, प्रत्येक मतदारसंघात हे लोक मूठभर आहेत. बेरीज केली तर मोठी होते, पण ती बेरीज करणारे सभागृह नाही. आमदाराकडे माणसे रस्ता, पाणी, बदली घेऊन जातात. तो त्यातच बुडालेला असतो, त्याला दोष देता येत नाही.

झाडीपट्टी रंगभूमी याचे सर्वांत चांगले उदाहरण. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत रात्रभर नाटके चालतात. वडशाला नाट्यमंडळांची कार्यालये आहेत; गावोगावची मंडळे तिथे येऊन प्रयोग ठरवून जातात, तिकिटे गावात विकतात. लेखक, नट, वादक, मंडपवाला, वाहनवाला अशी साखळी तिच्यावर जगते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक रसिकांना हे जग आहे, एवढे कळले. ही कला आहे आणि धंदाही आहे, नुसत्या तिकीटविक्रीवर उभा असलेला. पण धंदा म्हणून उद्योग खात्याच्या नजरेत ती येत नाही, आणि कला म्हणून सांस्कृतिक खात्याच्या चौकटीत नीट बसत नाही, कारण ती चौकट शहरी नाट्यगृहात प्रयोग करणाऱ्या संस्थेकडे पाहून आखलेली आहे.

शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, प्रकरण घ्या. झाडीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी. पटाला आलेला पाहुणा रात्री नाटकाला बसतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये तो कायदा वैध ठरला. या नऊ वर्षांच्या वादात घाटावरच्या बैलगाडा मालकांचा आवाज मोठा होता आणि प्राणिमित्रांचाही. प्राण्यांविषयीच्या कायद्याचा एका रंगभूमीच्या हंगामाशी संबंध आहे, हे सांगायला वडशाच्या मंडळाने कोणासमोर जायचे होते? बंदी योग्य की अयोग्य हा मुद्दा वेगळा. मुद्दा असा की, हा परिणाम नोंदवून घेणारी जागाच नव्हती.

३. राखीव जागा : करून पाहिलेला उपाय

मग व्यापार-उद्योगाला सभागृहात स्वतंत्र जागा द्याव्यात, असे काही जण सुचवतात. नागपूरने हे पाहिलेले आहे. १९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांत २ व्यापार, उद्योग व खाणींच्या, ३ जमीनदारांच्या, २ कामगारांच्या आणि १ विद्यापीठाची. अशा जागेतून येणारा माणूस संघटित भांडवलाचा असतो. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल ज्या शहरात उभी होती, त्याच शहरात तिच्या कापडाशी झुंजणारा हातमागावरचा कोष्टीही राहत होता. ‘व्यापार व उद्योग’ या एका जागेत दोघे कसे मावणार? उद्योगजगत नावाचे एकसंध हित अस्तित्वात नाही. कोळसा विकणारा आणि वीज विकत घेणारा, संत्रा पिकवणारा आणि आडतीवर तो विकणारा यांचे हित रोज एकमेकांना छेदते. त्यांच्या नावाने एक खुर्ची ठेवली तर ती सर्वांत बळकट माणूस बळकावतो.

विधान परिषद हा त्याच कल्पनेचा आजचा अवतार. ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, पदवीधर व शिक्षकांचे प्रत्येकी ७, आणि राज्यपालनियुक्त १२. हे बारा जण साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवेतले असावेत, असे घटना सांगते. व्यापाराचे नाव तिथे नाही, प्रदेशाचेही नाही. प्रत्यक्षात या जागा पक्षांच्या सोयीच्या झाल्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली बारा नावांची यादी ते सरकार जाईपर्यंत राजभवनात पडून राहिली. त्या काळात साहित्याचे किंवा कलेचे काही अडले, असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही. यापेक्षा कडक परीक्षण त्या जागांचे होऊ शकत नाही.

४. मोजता आले तेवढेच मागास

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून थोडा अधिक. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातले हे फार मोलाचे काम आहे, आणि त्यानेच एक नवी अडचणही निर्माण केली. समितीने मोजलेली क्षेत्रे नऊ : रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास आणि पशुवैद्यक. किलोमीटर, हेक्टर, खाटा यांत जे मोजता येते ते अनुशेष झाले. कारखानदारी त्यात नाही, बाजारपेठ नाही, नाट्यगृह नाही, ग्रंथव्यवहार नाही. विदर्भाचे राजकारण त्यानंतर चाळीस वर्षे याच नऊ रकान्यांत बोलत राहिले. भरपाई मागण्याची सवय लागली आणि धोरण मागण्याची राहून गेली.

कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यावेत अशी ही रचना. तिचा घोटाळा रचनेतच होता. नेमलेल्या राज्यपालाने निवडून आलेल्या सभागृहाच्या अर्थसंकल्पाला वळण लावायचे, म्हणजे दरवेळी लोकशाहीच्या नावाने त्याला विरोध होणार, आणि तो विरोध अगदी खोटाही नसणार. मंडळाने अहवाल दिले, अभ्यास केले; पण त्याच्या मागे एकही मतदार उभा नव्हता. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. मंडळ नसल्याने रस्त्यावर कोण उतरले? जवळजवळ कोणीच नाही.

५. कार्यालय म्हणजे अधिकार नव्हे

नागपुरात कार्यालयांची वाण नाही. वस्त्रोद्योग आयुक्तालय इथे, रेशीम संचालनालय इथे. केंद्राकडून कोळसा काढणारी वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉईल यांची मुख्यालये इथे, आणि १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही. पण धोरणाचा कागद मंत्रालयात किंवा दिल्लीत तयार होतो. नागपूरचे कार्यालय त्याची अंमलबजावणी करते.

ज्या एका ठिकाणी पैसा खरोखर आला, ते विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, आणि त्याची गोष्ट विदर्भवाद्यांनीही डोळे उघडे ठेवून वाचायला हवी. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी होती, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, आणि पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पलीकडे गेली. मुख्यालय नागपुरात, कामे विदर्भात. तरी पाणी पोहोचण्याआधी चौकशा पोहोचल्या. तेव्हा ‘आमचा पैसा आमच्या गावात’ एवढ्याने काही होत नाही. पैसा कुठे गेला हे जाहीरपणे विचारणारे निवडून आलेले लोक शेजारी बसलेले नसतील, तर कंत्राटदाराला मुंबईपेक्षा नागपूरच सोयीचे पडते.

६. तेलंगणाला मिळाले, आपल्याला नाही

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन वेगळ्या वाटा काढल्या. आंध्र आणि पंजाबसाठी विधानसभेच्या आमदारांच्या प्रादेशिक समित्या. महाराष्ट्र-गुजरातच्या प्रदेशांसाठी विकास मंडळे आणि राज्यपाल. १९५८ मध्ये तेलंगणाची समिती आली. स्थानिक स्वराज्य, आरोग्य, शालेय शिक्षण, शेती, सहकार, बाजार आणि कुटीर व लघुउद्योग हे विषय तिच्याकडे होते. म्हणजे हैदराबादच्या लघुउद्योजकाला जे व्यासपीठ १९५८ मध्ये मिळाले ते नागपूरच्या लघुउद्योजकाला आजही नाही.

ती समिती असूनही १९६९ मध्ये तेलंगणा पेटला आणि पुढे १९७३ मध्ये समितीच गेली, हे खरे. पण भांडण कशावरून झाले ते पाहावे. नोकऱ्यांवरून आणि तेलंगणाचा शिलकी महसूल तिथे खर्च न झाल्यावरून. समितीला शब्द होता, तिजोरीची किल्ली नव्हती. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींतली तिसरी गळाली की पहिल्या दोन किती दिवस टिकतात, याचा हा नमुना.

आपल्याकडे याहून पुढचा विचार आधीच झाला होता. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्राच्या पोटात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत, प्रत्येकाला आपले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ, अशी योजना होती. ती मराठी एकतेच्या विरोधकांनी नव्हे, एकता घडवायला बसलेल्यांनी केली होती. राज्यात राज्य ही कल्पना घटनेलाही परकी नाही : १९७० मध्ये मेघालय आसामच्या अंतर्गत स्वतःच्या विधानसभेसह स्वायत्त राज्य झाले, आणि १९७२ मध्ये पूर्ण राज्य.

परदेशातले उदाहरण स्कॉटलंडचे. १९९९ पासून एडिनबरोमध्ये बसणाऱ्या त्या संसदेचे कौतुक बहुधा अस्मितेसाठी होते. मला तिची समितीपद्धत महत्त्वाची वाटते. विधेयक आले की पहिल्याच टप्प्यात संबंधित समिती बाहेरच्या लोकांच्या साक्षी घेते, आणि त्या सर्वांना वाचता येतात. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत : संस्कृती एडिनबरोकडे, प्रसारण मात्र लंडनकडे. तशा मर्यादा इथेही असणार. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले तेव्हा वरूडचा बागाईतदार मोडकळीला आला. त्यावर नागपूरच्या कोणत्याही सभागृहाचा इलाज चालला नसता, हे मान्यच करावे लागते. फरक एवढाच पडला असता की, पर्यायी बाजार, साठवण आणि प्रक्रिया यांचा प्रश्न शुल्क वाढण्याआधी कोणीतरी कागदावर आणला असता.

७. मग नेमके काय

विदर्भातल्या ६२ आमदारांची प्रादेशिक समिती, पक्षनिरपेक्ष, कायम. तिच्या तीन उपसमित्या : वीज-खनिज-उद्योग, शेतमाल प्रक्रिया आणि बाजार, कला आणि भाषा. महिन्यातला एक आठवडा बैठक; नागपूरचे विधानभवन वर्षातले बहुतेक महिने तसेही मोकळे असते. अर्थसंकल्पाआधी त्या विषयांच्या विदर्भासाठीच्या मागण्या तिच्यासमोर याव्यात आणि त्यांच्या अंतर्गत वाटप बदलण्याचा अधिकार तिला असावा. साक्ष जाहीर, मराठीत, हिंदीत आणि गोंडीतही. सरकारने शिफारस नाकारली तर कारण सभागृहात ठराविक मुदतीत सांगावे. हेच मराठवाड्याला, कोकणाला, खानदेशालाही.

यातल्या पहिल्या पायरीला, म्हणजे समिती नेमायला, घटनादुरुस्ती लागत नाही. कलम २०८ प्रमाणे सभागृह आपले कामकाजाचे नियम स्वतः करते. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, संसदेत १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या. तिजोरीचा भाग अवघड आहे, त्याला कायदा लागेल, आणि तिथेच खरी लढाई होईल.

८. आक्षेप

‘मुख्यमंत्री विदर्भाचाच आहे, मग समिती कशाला?’ कन्नमवार चंद्रपूरचे, वसंतराव नाईक पुसदचे, पुढे सुधाकरराव नाईक, आणि आता फडणवीस नागपूरचे. वसंतराव १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. त्यानंतर नऊ वर्षांनी दांडेकरांनी मांडलेला अनुशेष हेच याचे उत्तर आहे. मुख्यमंत्री सगळ्या राज्याचा असतो आणि असावा. प्रदेशाचे गाऱ्हाणे मांडणे हे त्याचे काम नव्हे.

‘हे वेगळ्या राज्याकडे नेणारे पाऊल आहे.’ असेलही, मेघालयाचे तसेच झाले. पण लोकांना राज्यातच न्याय मिळाला तर वेगळेपणाची गरज उरत नाही, हेही तितकेच शक्य आहे. ज्यांना मराठी ऐक्याची काळजी आहे त्यांनी आठवावे की, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात झाला आणि त्याचे अध्यक्ष नागपूरचे संपादक-कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर होते. विदर्भाच्या लेखकाने मांडलेल्या मागणीतून झालेल्या राज्यात विदर्भाच्या नाटकवाल्याला साक्षीला बसायची खुर्ची नसावी, याने ऐक्य बळकट होत नाही.

‘वेगळे राज्यच का नको?’ त्याला माझा विरोध नाही, पण तेवढ्यावर थांबण्याला आहे. आज जी तक्रार नागपूर मुंबईविषयी करते ती उद्या गडचिरोली नागपूरविषयी करील. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि एकट्या राजधानीच्या बदलाने ते अंतर एका मीटरनेही कमी होत नाही.

‘बलाढ्य लोक समिती ताब्यात घेतील.’ हा सर्वांत खरा आक्षेप. गोसीखुर्दने तो सिद्ध केला आहे. खाणमालकाचा वकील तयारीने येईल, टसरचा विणकर एक दिवसाची मजुरी बुडवून येईल. म्हणून साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि मजुरी सरकारने द्यावी, आणि कोणत्या सदस्याचे कशात हित गुंतले आहे हे बैठकीच्या आरंभी नोंदवावे. इतके करूनही ताबा मिळवण्याचे प्रयत्न होतील. फरक असा की, ते नोंदीत दिसतील. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि मागास तालुक्यांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली गेली. ती कोणत्या जिल्ह्यातल्या किती कारखान्यांच्या पदरात किती पडली, हे खाते जाणते आणि कारखानदारही. समितीसमोर पहिला विषय हाच यावा.

कलेच्या उपसमितीने मात्र पहिली बैठक नागपुरात घेऊ नये. ती वडशाला घ्यावी, आणि दुपारी घ्यावी. हंगामात तिचे साक्षीदार पहाटेपर्यंत रंगमंचावर असतात.